छताला हात लावून उभा राहिलेला विक्रेता

ब्रिटनमध्ये जुनी, दुमडत्या छताची गाडी घेण्याचा विचार करणाऱ्या मराठी मंडळींना सावध करावे, एवढ्याच हेतूने हा अनुभव लिहीत आहे. गाडी पोर्शे बॉक्सस्टर होती, १९९६ ते २००४ या काळात तयार झालेल्या पहिल्या पिढीतली, जिला जाणकार ९८६ या क्रमांकाने ओळखतात. इंजिन उत्तम होते, सर्व्हिसच्या नोंदी व्यवस्थित होत्या आणि किंमतही त्या वयाच्या गाडीला शोभेल अशी होती. फसवणूक झाली ती छत आणि त्याच्यावर बसणारे मागचे झाकण यांना हलवणाऱ्या यंत्रणेच्या बाबतीत. विक्रेता खासगी माणूस नव्हता, तर जुन्या गाड्यांचा व्यापार करणारा छोटा डीलर होता, आणि पुढे हीच गोष्ट माझ्या कामी आली. त्याचे किंवा त्याच्या गावाचे नाव येथे देत नाही, कारण सांगण्यासारखी आहे ती त्याची युक्ती, आणि ती कोणीही वापरू शकतो.

ती युक्ती समजण्यासाठी हे छत कसे हलते ते आधी पाहावे लागेल. कापडी छत सीटांच्या मागच्या पोकळीत दुमडून बसते आणि त्या पोकळीवर गाडीच्याच रंगाचे एक झाकण असते. छत उघडताना हे झाकण वर उचलले जाते, छताची चौकट त्याच्याखाली दुमडत जाते आणि शेवटी झाकण पुन्हा खाली येऊन बसते. हे सारे सुमारे बारा सेकंदांत उरकते. छत आणि झाकण पाहणाऱ्याला स्वतंत्र वाटतात, पण दोघांना हलवणारी विजेची मोटर एकच आहे. मध्यभागी बसवलेल्या या मोटरपासून डावीकडे आणि उजवीकडे एकेक लवचीक फिरती केबल जाते आणि दोन बाजूंचे दोन गिअरबॉक्स फिरवते. प्रत्येक गिअरबॉक्स एका जोडणीने झाकण उचलतो आणि दुसऱ्या दांड्याने छताची चौकट ढकलतो. डाव्या आणि उजव्या बाजूची, तसेच छताची आणि झाकणाची लय केवळ या यांत्रिक जोडणीवर टिकून असते, त्यामुळे साखळीतला एक दुवा निखळला की उरलेले दुवे थांबत नाहीत, ते आपापले काम करतच राहतात.

निखळणारा दुवा बहुधा ठरलेला असतो. छत ढकलणाऱ्या दांड्याच्या टोकाला प्लास्टिकची एक वाटी असते आणि ती धातूच्या गोळीवर घट्ट बसते. छत कुठे अडकलेच, तर महागडी चौकट वाकण्याऐवजी ही स्वस्त वाटी तुटते, म्हणजे तिचे काम घरातल्या फ्यूजसारखे आहे, आणि वीस वर्षांनंतर ती आपोआपही चिरते. तुटताच बदलली तर खर्च फारसा येत नाही. मात्र एका बाजूची वाटी तुटलेली असताना कोणी छत चालवतच राहिले, तर ती बाजू मागे रेंगाळते, झाकण ठरल्या वेळी खाली येते आणि अर्धवट दुमडलेल्या चौकटीवर जोराने दाबते. असे काही वेळा झाले की चौकटीचे सांधे वाकतात, कोपऱ्यावरचे कापड झिजते आणि किरकोळ सुट्या भागाचे दुखणे मोठ्या दुरुस्तीवर जाते. विक्रेत्याने लपवले ते नेमके हेच.

आता त्याने ते कसे लपवले ते सांगतो. या पिढीच्या सुरुवातीच्या गाड्यांत छताची मागची खिडकी काचेची नसून पारदर्शक प्लास्टिकची असते. काचेची खिडकी २००३च्या मॉडेलपासून आली. प्लास्टिक थंड असताना वेडेवाकडे दुमडले तर त्याला कायमची चीर पडते, म्हणून छत अर्ध्यावर थांबवून, मागे जाऊन, खिडकीची घडी तळहाताने नीट पाडायची आणि मग उरलेले छत उघडायचे, ही या गाडीच्या मालकांमधली जुनी आणि योग्य सवय आहे. विक्रेत्याने याच सवयीची ढाल केली. छत चालवायला शिकून घ्या, असे आग्रहाने सांगून त्याने मला चालकाच्या जागी बसवले. हँडब्रेक ओढलेला असल्याशिवाय छत हलत नाही, समोरच्या काचेवरची कडी हाताने सोडावी लागते आणि बटण शेवटपर्यंत दाबून धरावे लागते, हे त्याने मला नीट समजावले, आणि त्यातले एक अक्षरही खोटे नव्हते. बटण दाबून बसलेल्या माणसाचे तोंड पुढे असते. पाठीमागे, गाडीच्या डाव्या अंगाला, तो स्वतः उभा राहिला. एका हाताने खिडकीची घडी पाडत असल्याचे दाखवत दुसऱ्या हाताने तो चौकटीची डावी बाजू आत ढकलत होता. जी बाजू दांड्याने ढकलायला हवी होती, ती माणसाच्या हाताने ढकलली जात होती. खिडकीची किती काळजी घेतो हा, असेच कोणालाही वाटले असते.

छत बंद करतानाही तो त्याच जागी उभा होता. मागाहून विचार करता ही एकच गोष्ट खटकायला हवी अशी होती, कारण घडी पाडण्याची गरज छत उघडताना असते, बंद करताना नसते.

गाडी घरी आणल्यानंतर एका कोरड्या रविवारी पत्नी बटण दाबत असताना मी मागे उभा राहून पाहिले, तेव्हा उजवी बाजू सरळ आत गेली, डावी बाजू मध्येच थबकली, झाकण तिरपे झाले आणि कट्कन आवाज आला. मी लगेच बटण सोडायला सांगितले. याच बनावटीच्या गाड्यांवर काम करणाऱ्या, विक्रेत्याशी काडीचाही संबंध नसलेल्या एका स्वतंत्र गॅरेजमध्ये गाडी नेली. तिथल्या मेकॅनिकने छत अर्ध्यावर थांबवले, उचललेल्या झाकणाखाली विजेरी धरली आणि दोन्ही बाजूंचे दांडे मला शेजारी उभे करून दाखवले. उजवीकडची वाटी शाबूत होती. डावीकडची उभी चिरलेली होती, तिच्यावर गोंदाचा थर होता आणि वरून प्लास्टिकच्या पट्ट्या आवळलेल्या होत्या. त्या पट्ट्यांवर धूळ आणि ग्रीस यांचे जुने, कडक झालेले किटण बसले होते, आणि नंतरच्या सगळ्या वादात निर्णायक ठरले ते हे किटण. त्या बाजूचा एक सांधा वाकला होता, कोपऱ्याच्या कापडाचे धागे निघाले होते. मेकॅनिकने तारीख, मायलेज आणि छायाचित्रे यांसह लेखी अहवाल दिला, आणि जोडणी पूर्वी कोणीतरी हाताने बांधलेली असून ती खरेदीनंतरची असणे संभवत नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले.

गाडीचा ताजा एमओटी होता, मग हे त्यात कसे दिसले नाही, असा प्रश्न काही परिचितांनी विचारला. एमओटी ही ब्रिटनमधली वार्षिक तपासणी ब्रेक, टायर, दिवे, धूर, सांगाडा अशा सुरक्षेच्या बाबींसाठी असते. छत नीट दुमडते की नाही हे पाहणे तिच्या कक्षेत येत नाही. जुन्या एमओटीच्या नोंदी सरकारी संकेतस्थळावर गाडीच्या क्रमांकावरून फुकट पाहता येतात आणि मायलेजची फिरवाफिरव ओळखायला त्या फार उपयोगी आहेत, पण छताबद्दल त्या मौन पाळतात, हे ध्यानात ठेवावे.

विक्रेत्याचे पहिले उत्तर अपेक्षितच होते: तुम्ही खिडकीची घडी न पाडता छत चालवले, म्हणून ते तुटले. दुसरे उत्तर अधिक चलाख होते. गाडी घेऊन या, आमचा माणूस पाहील, असे तो फोनवर गोड आवाजात सांगत राहिला आणि प्रत्येक वेळी काही ना काही कारणाने ती भेट पुढे ढकलत राहिला. ब्रिटनमधील २०१५च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार व्यापाऱ्याकडून घेतलेली सदोष वस्तू पहिल्या ३० दिवसांत परत करून पूर्ण रक्कम मागता येते. दुरुस्ती मान्य झाली तर तो काळ तेवढ्यापुरता थांबतो, परंतु फोनवरच्या मोघम बोलण्यात दुरुस्ती मान्य झाली की नाही हेच सिद्ध होत नाही. मुदत उलटताच त्याची भाषा बदलली, आता तुमचा काहीही हक्क उरलेला नाही असे तो म्हणू लागला, आणि पावतीवर छापलेल्या ‘जशी आहे तशी विकली’ या ओळीकडे त्याने बोट दाखवले.

ही दोन्ही विधाने खोटी होती. व्यापारी ग्राहकाला वस्तू विकतो तेव्हा अशी ओळ छापून कायद्याने दिलेले हक्क काढून घेता येत नाहीत. तसेच ३० दिवसांनंतर, परंतु सहा महिन्यांच्या आत दोष उघडकीस आला, तर तो विक्रीच्या वेळीच होता असे कायदा गृहीत धरतो आणि तसा नव्हता हे दाखवण्याची जबाबदारी विक्रेत्यावर येते. त्याला दुरुस्तीची एक संधी द्यावी लागते. ती फसली किंवा त्याने नाकारली, तर किमतीत कपात मागता येते किंवा गाडी परत करता येते. खासगी विक्रेत्याकडून घेतलेल्या गाडीला हे संरक्षण लागू नाही. तिथे गाडी वर्णनाप्रमाणे नव्हती एवढेच भांडता येते, आणि मुळात व्यापारी असूनही खासगी माणसाचे सोंग घेणारे विक्रेते त्यासाठीच ते सोंग घेतात.

माझ्या हाती तीन गोष्टी होत्या. एक म्हणजे तो अहवाल. दुसरी, मूळ जाहिरातीची जपून ठेवलेली प्रत, जिच्यात छत सुरळीत चालते असे वाक्य होते आणि जी विक्रीनंतर लगेच काढून टाकण्यात आली होती. तिसरी गोष्ट विक्रेत्याला अजिबात आवडली नाही: उरलेली रक्कम त्याच्या आग्रहाखातर बँकेतून थेट पाठवली असली, तरी बयाणा मी क्रेडिट कार्डाने भरला होता. १९७४च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या कलम ७५ प्रमाणे वस्तूची किंमत १०० पौंडांपेक्षा जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत असेल, तर किमतीचा थोडा भाग जरी कार्डाने भरलेला असला तरी विक्रेत्याइतकीच कार्ड देणारी संस्थाही संपूर्ण व्यवहाराला जबाबदार ठरते. थेट बँकेतून पैसे दिल्यास सवलत देतो असे एखादा डीलर म्हणाला, तर त्या सवलतीत आपण काय गमावतो हे यावरून कळावे.

बॉक्सस्टरचे उदाहरण माझ्या वाट्याला आले, पण इतर गाड्यांतही अशीच लपवाछपवी चालते, फक्त सबब बदलते. १९९६ साली आलेल्या मर्सिडीज एसएलकेच्या धातूच्या छतासाठी डिकीतला सामानाचा पडदा ओढून अडकवलेला असावा लागतो, नाहीतर छत हलतच नाही. याचा फायदा घेऊन, छत चालत नाही ते केवळ पडद्याच्या सेन्सरमुळे, असे सांगणारे विक्रेते भेटतात, आणि प्रत्यक्षात हायड्रॉलिक सिलिंडरची सील गेलेली असते. मर्सिडीजच्या जुन्या एसएलमध्ये, म्हणजे १९८९ साली आलेल्या आर-१२९ मध्ये, सील गळू लागली की समोरच्या काचेच्या वरच्या पट्टीवर तेलाचे डाग दिसतात, ते पुसूनच गाडी दाखवली जाते. ‘फक्त सेन्सर आहे’ किंवा ‘बॅटरी जरा उतरली आहे’ हे शब्द कानावर पडताच, तो सेन्सर बदलून आणि ती बॅटरी चार्ज करूनच गाडी दाखवा, असे शांतपणे सांगावे. दुरुस्ती खरोखरच इतकी सोपी असती, तर विकणाऱ्याने ती करून वाढीव किंमत घेतली नसती का?

पाहणीला जाताना एकटे जाऊ नये. बटण सोबतच्या माणसाने दाबावे आणि आपण मागे उभे राहावे. विक्रेत्याला मात्र गाडीपासून चार पावले दूर उभे राहण्याची विनंती करावी. खिडकीची घडी पाडायची असेल तर छत थांबवून ती आपणच पाडावी आणि उरलेली हालचाल कोणाचाही हात न लागता होऊ द्यावी. उघडणे आणि बंद होणे दोन्ही पाहावे, कारण छत आधीच उघडून ठेवलेली गाडी दाखवणारा विक्रेता निम्माच खेळ दाखवत असतो. झाकण दोन्ही अंगांनी एकाच उंचीवर उचलले जाते का आणि बसल्यावर डावीकडची व उजवीकडची फट सारखी राहते का, हे पाहावे. अर्ध्यावर थांबवून दोन्ही बाजूंच्या दांड्यांवर विजेरी मारावी, मात्र आत हात घालू नये. सीटांखालचा गालिचाही दाबून पाहावा. छताच्या पोकळीतले पाणी बाहेर नेणाऱ्या नळ्या पालापाचोळ्याने तुंबल्या की ते पाणी आत उतरते आणि बॉक्सस्टरमध्ये चोरीविरोधी यंत्रणेचा कंट्रोल युनिट सीटखालीच बसवलेला आहे.

अखेर कोर्टापूर्वीची लेखी नोटीस आणि कार्ड देणाऱ्या संस्थेकडे केलेला दावा अशा दोन्ही बाजूंनी दबाव आल्यावर विक्रेता नरमला. इंग्लंड आणि वेल्समध्ये १०,००० पौंडांपर्यंतचे असे दावे वकिलाशिवाय लहान दाव्यांच्या न्यायालयात चालवता येतात, हे त्यालाही ठाऊक असावे. त्याने गाडी परत घेतली आणि वापरापोटी काही रक्कम कापून बाकीचे पैसे दिले. मोटारगाडीच्या बाबतीत पहिल्या सहा महिन्यांतही अशी कपात करण्याची मुभा कायदा देतो, म्हणून वाद कपातीच्या तत्त्वावर न घालता मायलेजच्या हिशेबावर घातला आणि आकडा बराच खाली आणला. त्याच्याविरुद्धची तक्रार सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेच्या ग्राहक सेवेमार्फत ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे व्यापाऱ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या स्थानिक सरकारी विभागाकडे, नोंदवली आहे. तिथून वैयक्तिक भरपाई मिळत नाही, पण एकाच डीलरविरुद्ध तक्रारी साचल्या तर चौकशी होऊ शकते. अशी गाडी परत देताना व्ही-५-सी या गाडीच्या नोंदणीच्या कागदातला व्यापाऱ्याला विक्री केल्याचा भाग भरून डीव्हीएलएला, म्हणजे वाहननोंदणी सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेला, त्याच दिवशी कळवावे. तसे केले नाही, तर पुढच्या मालकाच्या वेगाच्या आणि पार्किंगच्या दंडाची पत्रे आपल्याच दारात येतात. वेळीच कळवले, तर उरलेल्या पूर्ण महिन्यांचा रोड टॅक्स डीव्हीएलए आपणहून परत पाठवते.