चेक इंजिन लाईट लागली तर आधी इथे वायरिंग तपासून घ्या (वागळे इस्टेट, ठाणे)

माझी 2017 ची पेट्रोल गाडी, रोज कोलशेत ते ऐरोली. जुलैच्या मोठ्या पावसानंतर चेक इंजिन लाईट लागायला लागली, सकाळी काही नाही, पण संध्याकाळी विटाव्याला ट्राफिकमध्ये अर्धा तास रांगत गेलं की हमखास लागायची, गाडी झटका द्यायची आणि कधीकधी बंदच पडायची. मागे ट्रकवाले हॉर्न मारतायत आणि आपण सेल्फ मारत बसलोय, पोटात गोळा यायचा अगदी.

आधी दुसरीकडे दाखवली, नाव घेत नाही. स्कॅनर लावला, पी-0340 हा बिघाडाचा कोड आला, कॅमशाफ्ट सेन्सर (इंजिनातला कॅमशाफ्ट कुठल्या स्थितीत आहे ते सांगणारा) गेला म्हणाले, नवीन टाकून 2,600 रुपये घेतले. चौथ्या दिवशी लाईट परत. मग म्हणे ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेला असेल, पंचवीस-तीस हजार धरून चाला. तेव्हा आमच्या सोसायटीबाहेरच्या रिक्षावाल्या दादांनी वागळे इस्टेटमधल्या ह्या गॅरेजवाल्या काकांकडे पाठवलं.

काकांनी बॉनेट उघडायच्या आधी विचारलं, गरम झाल्यावर लागते की गार असताना, पावसात जास्त होतं का. मी म्हटलं आधी लाईट तरी घालवा, तर म्हणाले, "ताई, लाईट दोन मिनिटांत घालवतो, पण दुखणं तसंच राहील आणि आतली नोंद पुसली जाईल." ती नोंद म्हणजे फ्रीझ फ्रेम, कोड पडला तेव्हा आरपीएम, टेम्परेचर, स्पीड किती होता ते ईसीएम साठवून ठेवतो. माझं निघालं 94 डिग्री, साडेसातशे आरपीएम, स्पीड शून्य, म्हणजे मी सांगत होते तेच. आणि पी-0340 म्हणजे सेन्सर खराब असं नाहीच, सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड, आणि सर्किटमध्ये सेन्सर, वायरी, कनेक्टर, ईसीएम सगळंच आलं.

मग मल्टिमीटर काढला. बॅटरी 12.5 व्होल्ट, चालू गाडीत 14.1, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठीक. मग गाडी चालू ठेवून, सेन्सरचा कनेक्टर न काढता मागून बारीक पिन सरकवली, मीटरचं एक टोक तिथे आणि दुसरं बॅटरीच्या मायनसला. अर्थिंगच्या वायरवर 0.1 व्होल्टच्या आत यायला पाहिजे, आला 0.6, आणि काकांनी वायरिंग नुसतं हलवलं तसा आकडा उड्या मारायला लागला आणि गाडी थरथरून बंद! कनेक्टर काढून मोजलं असतं तर सापडलं नसतं म्हणाले, कारण करंट वाहतच नाही, एक तार शिल्लक असली तरी मीटर सगळं ओके दाखवतो.

बॅटरीच्या ट्रेखाली वायरिंग पत्र्याच्या कोपऱ्याला घासत होतं. टेप सोडली तर वायरवर नखाएवढी चीर, आतलं तांबं हिरवं पडलेलं, बोटाने चोळलं की भुकटी, धड तारा दोनच राहिलेल्या. तेवढा तुकडा कापून नवीन वायर सोल्डर केली, स्लीव्ह चढवून गरम केली, वरून टेप आणि नळी, आणि क्लिप मारून पत्र्यापासून लांब बांधली. आधी काढलेला जुना सेन्सर माझ्या डिकीतच होता, तो परत लावून बघितला तर एकदम चांगला निघाला, म्हणजे ते 2,600 उगाचच गेले, ह्याचा मला अजून राग येतो. इथे सगळे मिळून 850.

11 ची वेळ देऊन गाडीला हात साडेबाराला लावला, बसायला जागा नाही, फोन उचलत नाहीत, बिल म्हणजे वहीचा कागद, म्हणून एक स्टार कमी. पण माझ्यासमोर एक नवीन बीएस-6 डिझेल आली होती, तिला त्यांचा स्कॅनर नीट चालत नव्हता, तर सरळ सांगितलं माझ्याकडे होणार नाही आणि एक रुपया घेतला नाही.

दोन महिने झाले, लाईट नाही. तुमची लाईट नुसती लागून राहिली असेल तर सावकाश चालवत आणा, पण लुकलुकत असेल तर मिसफायर असतो, म्हणजे इंजिनात पेट्रोल नीट पेटत नाही, आणि न जळलेलं पेट्रोल जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा भाग) भाजतो, तेव्हा टोइंगनेच आणा. आणि यायच्या आधी कुठेही कोड पुसून घेऊ नका, काकांना ती नोंद लागते.