ग्रीन्स डिक्शनरी ऑफ स्लँग: अर्थ चोख, पण वजन दुसरीकडे तपासा

मराठी सबटायटल करणाऱ्यांनी आणि ब्रिटिश किंवा ऑस्ट्रेलियन लोकांशी रोज काम पडणाऱ्यांनी हा कोश हाताशी ठेवावाच. जॉनथन ग्रीन यांनी तो २०१० मध्ये तीन खंडांत काढला, २०१६ पासून तो ऑनलाइन आहे. शब्द आणि अर्थ बघायला पैसे पडत नाहीत. इंग्रजी बोलीतला जवळजवळ पाचशे वर्षांचा ऐवज त्यात आहे.

'बगर' हा शब्द उघडून बघा. नाम, क्रियापद आणि उद्गार यांच्या नोंदी वेगळ्या आहेत, आणि घोटाळा होतो तो इथेच. पहिली नोंद वाचून खिडकी बंद करू नका. चहा सांडल्यावर तोंडून निघालेलं 'बगर!' म्हणजे आपलं 'आयला!'. 'बगर ऑल' म्हणजे काहीएक नाही. 'बगर ऑफ' म्हणजे चल, फूट. माणूस 'बगर्ड' असेल तर पार थकलेला, यंत्र असेल तर कामातून गेलेलं. 'पुअर बगर' मध्ये तर शिवी उरतच नाही, तो नुसता 'बिचारा'. शब्दाचं मूळ बल्गेरियाच्या नावात आहे: मध्ययुगात तिथल्या पाखंडी ठरवलेल्या पंथावर लैंगिक आरोप झाले, त्यातून हा शब्द आला.

प्रदेशाची खूण न चुकता वाचा. 'पिस्ड' ब्रिटनमध्ये 'टाइट झालेला', अमेरिकेत 'भडकलेला'. ही खूण सुटली की भांडणाच्या प्रसंगात पात्र उगाच दारूडं ठरतं. 'पिस्ड ऑफ' मात्र दोन्हीकडे वैतागलेलाच.

सौम्य उद्गारांची व्युत्पत्ती हे या कोशाचं खरं बळ. 'गॉश'मध्ये गॉड, 'हेक'मध्ये हेल, 'डार्न'मध्ये डॅम, 'क्राइकी'मध्ये क्राइस्ट लपलेला आहे. 'ब्लायमी' म्हणजे 'गॉड ब्लाइंड मी', देव मला आंधळा करो. आपल्या 'च्यायला'त आई जशी अर्धी गिळलेली असते, तसंच हे. देवाचं नाव टाळण्यामागे भीती होती आणि कायदाही होता: १६०६ च्या इंग्लिश कायद्याने नाटकात देवाचं नाव थट्टेवारी घेतल्यास १० पौंड दंड ठेवला होता. मराठी करताना मात्र व्युत्पत्तीच्या मागे जाऊ नका. 'क्राइकी'ला 'च्यायला' जड होतं, 'अरे बापरे' नेमकं बसतं.

उणीव एकच, पण मोठी. एखादा शब्द आज चारचौघांत कितपत खपतो, ते इथे नीट कळत नाही. त्यासाठी ब्रिटनच्या प्रसारण नियामकाची, ऑफकॉमची, २०१६ ची यादी सोबत ठेवा. तिच्यात 'ब्लडी', 'डॅम', 'क्रॅप', 'बगर', 'सॉड ऑफ' सौम्य गटात आहेत. 'बोलॉक्स', 'शिट', 'पिस्ड' मध्यम गटात, म्हणजे रात्री नऊच्या आधी टीव्हीवर अडचणीचे ठरू शकणारे. जुन्या काळातली कथा असेल तर ही यादी लावू नका. १९१४ मध्ये लंडनच्या रंगमंचावर एका 'ब्लडी'ने खळबळ उडवली होती. तिथे कोशातली सालवार उदाहरणंच कामी येतात.

अगदी ताजा शब्द ग्रीनमध्ये नसला तर १९९९ पासून चालू असलेली अर्बन डिक्शनरी बघावी. तिथे कोणीही अर्थ लिहितं, त्यामुळे पहिल्या चार-पाच नोंदी ताडून बघा, त्यांच्या तारखा बघा, आणि निव्वळ गंमत म्हणून लिहिलेलं सोडून द्या.

'ब्लडी'बद्दल आपल्या वाचकासाठी जास्तच जपावं लागतं. हिंदी सिनेमातल्या खलनायकांमुळे आपल्या कानाला ती समोरच्याला घातलेली शिवी वाटते. ब्रिटिश तोंडी ती बहुतेकदा नुसता जोर देते: 'ब्लडी गुड' म्हणजे 'लय भारी'. तिथे शिवी घातलीत तर कौतुकाचा अपमान होतो.