पीक फ्लो मीटर, सात महिने वापरून: त्या काट्यानं डोकं खाल्लं

हे मीटर म्हणजे दम्याच्या माणसानं जोरात फुंकून श्वास किती मोकळा सुटतो ते बघायची नळी. आधी काट्याचंच सांगतो, कारण त्याच्यापायी मी निपाणीत भर बाजारात एका दुकानदाराशी भांडून आलोय. फुंकलं की लाल काटा वर जातो आणि तिथंच बसतो, खाली येतच नाही. म्हटलं स्प्रिंग गेली, साडेसहाशे रुपये पाण्यात. परत न्यायला गेलो तर म्हणतोय, "मामा, तोंड लावलेली वस्तू परत घेत न्हाई." आणि याच माणसानं पहिल्यांदा मला तीन गोळ्यांचं ते खेळणं दिलं होतं, जे ऑपरेशननंतर श्वास आत ओढायच्या व्यायामाला देतात! त्यात फुंकून मोजायचं काहीच नाही, तेही तसंच पडलंय घरात.

घरी येऊन चष्मा लावून पत्रक वाचलं तर काटा थांबायलाच हवा म्हणे, आकडा वाचायचा आणि बोटानं शून्यावर आणायचा. बरं, चूक माझी. पण पहाटे पाचला डोळ्यावर झोप असताना ते कुणाच्या लक्षात राहतंय? मार्चमध्ये वहीत सलग आठवडाभर 380, सकाळी 380, रात्री 380. मी खूश, दम एकदम स्टेबल. आणि तवंदी घाटात गाडी ढकलायला उतरलो तर छातीत शिट्ट्या वाजाय लागल्या. घरात बायको म्हणाली, "अहो, तुम्ही काटा खाली कधी आणता? मला तर तो सारखा वरच दिसतोय." झालं. आठवड्यातला सगळ्यात मोठा आकडा मी रोज नव्यानं उतरवत होतो. तंबाखूच्या वखारीत तेवीस वर्षं हिशेब लिहितोय मी, तरी ही गत.

अजून एक हिशेबी चूक, तीनदा फुंकून मी सरासरी काढायचो. सरासरी नाही, तिन्हीतला मोठा आकडा घ्यायचा. उभं राहायचं, छाती भरून श्वास, ओठ नळीभोवती घट्ट आणि एकच फटका. आकडा म्हणजे मिनिटाला किती लिटरच्या वेगानं हवा सुटली तो. बेळगावला स्पायरोमेट्री, म्हणजे फुफ्फुसाची मशीनवरची तपासणी, केली ती वेगळी, तिथं निदान सहा सेकंद फुंकत राहावं लागतं, ती टेक्निशियन बाई कानाशी ओरडत होती, "ऊद्री, ऊद्री, बिडब्याड्री!" (कानडीत, फुंका, फुंका, सोडू नका!) डोळ्यापुढं काजवे आले. पहिल्या सेकंदात 2.10 लिटर, पंपाचे चार पफ घेऊन पंधरा मिनिटांनी 2.45. डॉक्टर म्हणाले 12 टक्के आणि 200 मिली, दोन्हीच्या वर वाढ झाली की दम्याकडं बोट जातं, तुमची साडेसोळा टक्के आहे.

आता इथं माझं मत बदललं. डॉक्टरांनी वखारीच्या सीझनमध्ये दिवसातून चार वेळा, सुट्टीच्या दिवशीही फुंकायला सांगितलं. सकाळी आकडा थोडा कमीच असतो, ते धरून चालायचं. (काटा शून्यावर आणून, हो!) रविवारी संध्याकाळी 400-410. सोमवारपासून उतरती कळा, गुरुवारी संध्याकाळी 310. तंबाखूचा खकाणा, बारीक धूळ, उडतो तिथं, सगळ्यांना ठाऊक आहे, पण वहीत असा उतार बघितल्यावर मालकापुढं वही ठेवता आली. बसायची जागा चाळणीपासून लांब मिळाली. त्याच 310 च्या दिवशी कोविडातला ऑक्सिमीटर 97 दाखवत होता, त्याच्या भरवशावर राहिलो असतो तर बसलो असतो गप्प.

माझा बेस्ट 410, त्याचे 80 टक्के 328 आणि निम्मे 205. बायकोनं 328 वर टिकली चिकटवलीय, त्याच्या खाली गेलं की डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कागदाप्रमाणं पंप, आणि 205 च्या खाली गेलं तर पंप घेऊन सरळ दवाखाना. दुसऱ्याच्या मीटरवर फुंकून आकडे जुळवू नका, मीटरवरच्या आकड्यांच्या पट्ट्या दोन प्रकारच्या असतात, मधले आकडे जुळत नाहीत.

पावसाळ्यात काटा खरंच अडकाय लागला, या वेळी शून्यावर आणूनसुद्धा. आत बारीक तपकिरी धूळ. कोमट साबणाच्या पाण्यात धुवून दिवसभर वाळवल्यावर सुटला. पुठ्ठ्याच्या नळ्या घेत नाही, फुकटचा खर्च, प्लास्टिकची धुवून वापरतो, घरात फुंकणारा मी एकटाच.

पाचपैकी साडेतीन. अर्धा काट्याचा कापला, एक त्या दुकानदाराचा.