कार्डाचे नाव एकच, वॅट वेगळे: झेफिरस जी१४ आणि लीजन प्रो ५आय यांची तुलना

दोन लॅपटॉपांच्या माहितीपत्रकात ‘आरटीएक्स ४०७०’ हे एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचे नाव लिहिलेले दिसले, की दोन्हींकडून सारखेच ग्राफिक्स मिळतील असे ग्राहक गृहीत धरतो आणि दुकानदारही बहुधा ही समजूत दुरुस्त करत नाही. प्रत्यक्षात लॅपटॉपमधील कार्ड किती काम करणार, हे त्याच्या नावाइतकेच त्याला मिळणाऱ्या विजेवर ठरते. एसूसचा २०२४ चा आरओजी झेफिरस जी१४ आणि लेनोवोचा आठव्या पिढीचा लीजन प्रो ५आय यांच्याइतका हा फरक स्पष्ट दाखवणारी जोडी क्वचितच सापडेल. दोन्हींत ८ जीबी मेमरीचे ४०७० मिळते. परंतु झेफिरसमध्ये त्या कार्डाला कमाल ९० वॅट मिळतात आणि लीजनमध्ये १४० वॅटपर्यंत. पहिल्याचे वजन दीड किलो, दुसऱ्याचे सुमारे अडीच किलो.

पूर्वी कमी विजेवर चालणाऱ्या कार्डांच्या नावापुढे ‘मॅक्स-क्यू’ असे लिहिलेले असे. २०२१ मध्ये आरटीएक्स ३० मालिकेपासून एनव्हिडियाने ते नावातून काढले आणि ग्राहकाला एका दृष्टिक्षेपात मिळणारी खूण नाहीशी झाली. त्यामुळे दुकानात लॅपटॉप समोर असेल, तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधील सिस्टिम इन्फर्मेशन उघडून कमाल ग्राफिक्स पॉवरचा आकडा स्वतः वाचावा. तो आकडा दाखवायला विक्रेता तयार नसेल, तर खरेदी पुढे ढकललेली बरी. डेस्कटॉपच्या ४०७० शीही तुलना करू नये, कारण त्यात १२ जीबी मेमरी व ५,८८८ कूडा कोअर (आकडेमोड करणारे छोटे घटक) असतात, तर लॅपटॉपमधील कार्डात ४,६०८.

आता मुख्य प्रश्न: १४० वॅटमुळे लीजन दीडपट वेगवान होतो का? होत नाही, आणि या तुलनेतील माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. या कार्डाची चिप साधारण शंभर वॅटच्या पुढे गेली की वाढीव विजेचा मोबदला झपाट्याने घटत जातो, कारण तोवर ती आपल्या व्होल्टेजच्या मर्यादेजवळ पोहोचलेली असते. म्हणून ९० आणि १४० या आकड्यांतील अंतर कागदावर जेवढे मोठे दिसते, तेवढे पडद्यावर दिसत नाही. लीजन पुढे आहे यात शंका नाही, विशेषतः सायबरपंक २०७७ या खेळात रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचे खऱ्यासारखे चित्रण) सुरू केल्यावर ते जाणवते. पण केवळ त्या आघाडीसाठी किलोभर जादा वजन रोज खांद्यावर वाहणे मला पटत नाही.

झेफिरसची अधिक खरी अडचण त्याच्या सुंदर पडद्यात दडलेली आहे. १४ इंची ओएलईडी पडद्यावर २८८० × १८०० पिक्सेल आहेत, तर लीजनच्या १६ इंची आयपीएस पडद्यावर २५६० × १६००. म्हणजे कमी वीज मिळणाऱ्या कार्डाला प्रत्येक चित्रचौकटीत सुमारे सव्वापट पिक्सेल रंगवावे लागतात. जड खेळांत डीएलएसएस (कमी पिक्सेलचे चित्र काढून ते मोठे करणारे एनव्हिडियाचे तंत्र) सुरू ठेवावे किंवा खेळातील रिझोल्यूशन १९२० × १२०० वर आणावे; एवढ्या लहान पडद्यावर त्याने फारसे बिघडत नाही. रंग आणि गडद काळा यांत झेफिरस निर्विवाद सरस आहे. मात्र त्याचा पडदा १२० हर्ट्झवर थांबतो, म्हणजे सेकंदाला १२० वेळाच चित्र बदलतो, आणि लीजनमध्ये २४० हर्ट्झचा पर्याय मिळतो. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ स्पर्धेच्या ईर्षेने खेळणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

उष्णतेच्या बाबतीत लीजन स्पष्टपणे वरचढ ठरतो. झेफिरसच्या सुमारे १.६ सेंटिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या देहात उष्णतेला पसरायला जागाच थोडी आहे. टर्बो या सर्वांत वेगवान मोडवर दीर्घकाळ खेळल्यास कीबोर्डच्या वरची पट्टी बोट टेकवता येणार नाही इतकी तापते आणि हेडफोनशिवाय पंख्यांचा आवाज असह्य होतो. लीजनमध्ये फंक्शन आणि क्यू ही बटणे एकत्र दाबली की मोड बदलतो आणि पॉवर बटणाचा दिवा निळा, पांढरा किंवा लाल होतो. पांढऱ्यावरही, म्हणजे मधल्या मोडवर, बहुतेक खेळ नीट चालतात. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात, एसी नसलेल्या खोलीत खेळणाऱ्याला ही सवड फार उपयोगी पडेल.

वजनाचा हिशोब मात्र अ‍ॅडॉप्टर धरूनच करावा. ४०७० असलेल्या लीजनला ३०० वॅटचा अवजड अ‍ॅडॉप्टर लागतो, त्यामुळे बॅगेतले एकूण ओझे तीन किलोंच्या पुढे जाते. गर्दीच्या वेळी डोंबिवलीहून लोकलने निघणाऱ्याला याहून अधिक सांगायला नको. झेफिरसचा अ‍ॅडॉप्टर १८० वॅटचा आणि आटोपशीर आहे. शिवाय वर्गातल्या किंवा कार्यालयातल्या कामापुरता तो १०० वॅटच्या टाइप-सी चार्जरवर चालतो. बॅटरीवर खेळण्याची अपेक्षा दोघांकडूनही ठेवू नये. लीजनची बॅटरी ८० वॅट-तासांची आहे. खेळताना तो २०० वॅट ओढू लागला, तर ती अर्धा तासही पुरणार नाही, म्हणून प्लग काढताच कार्डाचा वेग मोठ्या प्रमाणात कमी केला जातो. झेफिरसची ७३ वॅट-तासांची बॅटरी लेखन, ब्राउझिंग यांसाठी चांगली साथ देते आणि खऱ्या अर्थाने तिचा उपयोग तेवढाच आहे.

रोज महाविद्यालयात किंवा कार्यालयात न्यायचा असेल, तर मी झेफिरस घ्यायला सांगेन. वसतिगृहाच्या टेबलावरून फक्त सुट्टीतच हलणार असेल, तर लीजन. झेफिरस घेणाऱ्याने सुरुवातीलाच ३२ जीबी रॅमचे मॉडेल मागावे, कारण त्याची रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असल्याने पुढे वाढवता येत नाही आणि एसएसडीसाठीही एकच जागा आहे. लीजनमध्ये रॅम व एसएसडी दोन्हींसाठी दोन-दोन जागा असल्यामुळे १६ जीबीचे मॉडेल घेऊन उरलेली भर सवडीने घालता येते.