बाटलीत सिमेंट नव्हतेच

१:७२ प्रमाणातील विमानाच्या प्लास्टिक मॉडेलच्या धडाचे दोन भाग पातळ सिमेंटने, म्हणजे असे प्लास्टिक जोडायच्या द्रवाने, जोडून मी दुसऱ्या दिवशी सांधा घासायला घेतला आणि पॉलिश पेपरचा पहिलाच दाब पडताच तो शेपटीपासून पंखाच्या मुळापर्यंत उकलला. दोष मी स्वतःलाच दिला: कडेवर रंगाचा अंश राहिला असेल, चिमटे लवकर काढले असतील. अशी स्वतःची समजूत घालता घालता आणखी दोन किटांचे, म्हणजे सुटे भाग जोडून बनवायच्या मॉडेलांचे, सांधे सुटले आणि तोवर ज्या ऑनलाइन विक्रेत्याकडून हे पातळ सिमेंट स्वस्तात मागवले होते, त्याची माल परत घेण्याची मुदत उलटून गेली होती.

किटचे प्लास्टिक बहुधा पॉलिस्टायरीन असते आणि त्यासाठीचे सिमेंट खऱ्या अर्थाने चिकटवतच नाही. त्यातील असिटोन किंवा ब्युटिल असिटेटसारखी द्रावके दोन्ही कडा विरघळवतात, त्या एकमेकींत मिसळतात आणि द्रावक उडून गेले की सलग प्लास्टिक उरते. म्हणूनच पक्का सांधा जबरीने तोडला तर तो वेडावाकडा तुटतो. माझ्या सुटलेल्या कडा मात्र साच्यातून नुकत्याच निघाल्यासारख्या गुळगुळीत होत्या.

हे लक्षात आल्यावर मी बाटली प्रथमच नीट पाहिली. लेबल नवे होते, झाकणाभोवती प्लास्टिकचे सीलही होते, पण गळ्याच्या आट्यांमध्ये वाळलेल्या करड्या प्लास्टिकचा थर बसलेला होता. असा थर कुंचला वारंवार आतबाहेर केल्याशिवाय बसत नाही, म्हणजे कोणाची तरी वापरलेली बाटली पुन्हा भरून मला विकली होती. काचेवर एक थेंब टाकला. पातळ सिमेंट थोड्याच वेळात उडून जाते आणि मागे जवळजवळ काही ठेवत नाही. या थेंबाने तेलकट कडे सोडले आणि त्याला नेलपॉलिश काढण्याच्या द्रवासारखा सुगंध होता.

विक्रेत्याचे उत्तर आले की उघडलेली बाटली परत घेतली जात नाही. न उघडता आत काय आहे हे कसे ओळखायचे, यावर तो गप्प राहिला.

आता बाटली हाती येताच मी मोबाइलवर चित्रीकरण करत ती उघडतो, त्याच दिवशी स्प्रूचे, म्हणजे किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला लागून येतात तिचे, दोन तुकडे टोकाला टोक लावून जोडतो आणि २४ तासांनी वाकवून पाहतो. सुपर ग्लू ‘मॉडेल सिमेंट’ म्हणून माथी मारला असेल, तर तोही इथेच पकडला जातो, कारण त्याचा सांधा ठिसूळ असतो आणि बहुधा जोडाच्या रेषेवरच कट्कन सुटतो.

दोन किटांच्या कडा साबणाच्या पाण्याने धुऊन, पुन्हा घासून, दुसऱ्या सिमेंटने जोडता आल्या. तिसऱ्याच्या पारदर्शक कॅनोपीवर, म्हणजे वैमानिकाच्या जागेवरील झाकणावर, तो द्रव ओघळून पडलेल्या बारीक तड्यांवर मात्र इलाज सापडला नाही.