रिव्ह्यू: परसेप्ट पीसी, बाबांच्या पार्किन्सन्ससाठी बसवलेलं डीबीएस

ज्यांच्या घरी पार्किन्सन्स आहे आणि डॉक्टरांनी डीबीएसचं (डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे मेंदूत तार घालून करंट देणं) नाव काढलंय त्यांच्यासाठी लिहितेय. बाबांना मेडट्रॉनिक कंपनीचं परसेप्ट पीसी हे मशीन बसवलंय. माझं मत आधीच सांगून टाकते, खर्च झेपत असेल आणि डॉक्टर पेशंट योग्य आहे म्हणत असतील तर जरूर करा, फक्त मशीनचं नाव ऐकून जाऊ नका, त्याचं प्रोग्रामिंग पुढे कोण करणार ते आधी विचारा.

मेंदूत खोलवर दोन्ही बाजूंना एकेक बारीक तार, ती कातडीखालून मानेतून खाली येते आणि छातीत कॉलरबोनखाली बॅटरीचा चपटा डबा. सेकंदाला साधारण १३० वेळा करंटचे छोटे ठोके जातात, अंग सैल होतं, थरथर कमी होते. एवढं जुनी मशीनं पण करायची, फ्रान्समध्ये ग्रेनोबलला डॉ. बेनाबिद यांनी १९८७ मध्ये सुरुवात केली तेव्हापासून. परसेप्टचं वेगळेपण म्हणजे करंट देता देता त्याच तारेतून ते मेंदूचा सिग्नल पण टिपतं. आणि तो सिग्नल दिलेल्या करंटपेक्षा जवळपास दहा लाख पट बारीक असतो, म्हणजे वरातीत डीजेशेजारी उभं राहून कुणाची तरी कुजबुज ऐकायची तसलं काम.

याचा उपयोग काय ते प्रोग्रामिंगच्या वेळी कळलं. डॉक्टरांच्या टॅबवर ग्राफ येतो, त्यात १३ ते ३० हर्ट्झच्या मध्ये, ज्याला बीटा म्हणतात, तिथे एक उंचवटा दिसत होता, डॉक्टर म्हणाले हाच तुमचा ताठरपणा. बाबांना अंगठा आणि तर्जनी भरभर आपटायला सांगितलं, बोटं अडकत होती. करंट थोडा थोडा वाढवत नेला तसा उंचवटा बसत गेला आणि बोटं मोकळी व्हायला लागली, दोन्ही एकाच वेळी, आमच्यासमोर. आईने माझा हात घट्ट धरला होता.

घरी मोबाइलसारखा एक रिमोट असतो, गोळी घेतली किंवा ऑफ झालं, म्हणजे गोळीचा असर उतरून अंग ताठरलं, की त्यावर दाबायचं, त्याची नोंद राहते. बाबा कधीपासून सांगायचे की पहाटे अंग लाकूड होतं, ते नोंदीत नीट दिसलं आणि सिंडोपाची, म्हणजे पार्किन्सन्सच्या औषधाची, दिवसातली पहिली गोळी लवकरच्या वेळेला आणली. आधी हे सगळं आम्ही वहीत आठवून आठवून लिहायचो.

मर्यादा पण आहेत. घरी असताना सिग्नलमधला हर्ट्झचा एक ठरवलेला पट्टाच नोंदवला जातो, तोही दहा-दहा मिनिटांची सरासरी. ग्राफ डॉक्टरांच्या टॅबवरच दिसतो. काहींच्या मेंदूत तो उंचवटा नीट सापडतच नाही. डबा डाव्या बाजूला बसवला तर हृदयाचे ठोके सिग्नलमध्ये मिसळू शकतात म्हणून आमच्याकडे उजवीकडे बसवला. आणि हा आजार बरा करणारा इलाज नाही, बोलणं आणि तोल यात फारसा फरक पडेल अशी आशा ठेवू नका.

आता थोडं पैशाबद्दल, कारण मला हे फार महत्त्वाचं वाटतं. असं मेंदूचा सिग्नल ऐकणारं डीबीएस काही एका कंपनीने एकटीने काढलं नाही. ओबामांनी एप्रिल २०१३ मध्ये ब्रेन इनिशिएटिव्ह हा मेंदूच्या संशोधनाचा सरकारी कार्यक्रम जाहीर केला, त्यातून अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने मेंदू टिपणाऱ्या आणि त्याला करंट देणाऱ्या उपकरणांच्या संशोधनाला ग्रँट दिल्या, शिवाय कंपन्यांशी करार केले की तुमची नवी मशीनं संशोधकांना वापरायला द्या, म्हणजे प्रत्येकाने शून्यापासून बनवत बसायला नको. परसेप्टला एफडीएची, म्हणजे अमेरिकेत औषधं आणि उपकरणं मंजूर करणाऱ्या सरकारी संस्थेची, मंजुरी मिळाली २०२० मध्ये. कॅलिफोर्नियात यूसीएसएफ या विद्यापीठाच्या टीमने मेंदूच्या सिग्नलप्रमाणे करंट आपोआप कमी-जास्त होईल असं करून चार पेशंटवर बघितलं, २०२४ मध्ये रिझल्ट छापला, सगळ्यात त्रासदायक लक्षणाचा वेळ जवळपास निम्म्यावर आला. चारच पेशंट, पण घरी राहून, रोजच्या जगण्यात. फेब्रुवारी २०२५ मध्ये असं आपोआप बदलणारं डीबीएस एफडीएने मंजूर पण केलं.

आणि नेमका याच काळात ब्रेन इनिशिएटिव्हचा निधी आटत गेला, २०२३ मध्ये ६८ कोटी डॉलर, २०२४ ला ४०.२, २०२५ ला ३२.१. २०१६ च्या कायद्याने दहा वर्षांसाठी जे जादा पैसे बांधून दिले होते ते संपत आले आणि त्या जागी दुसरे कुणी घातले नाहीत. मला याचा खरंच राग येतो, कारण बाबांच्या छातीत जे आहे ते अशाच पैशातून पुढे आलंय, आणि ज्या पेशंटनी ट्रायलसाठी डोकं उघडून दिलं त्यांची ग्रँट संपल्यावर बॅटरी कोण बदलून देणार हेही आधीच लिहून ठेवायला हवं.

खर्चाचं म्हणाल तर सगळं मिळून दहा-बारा लाखांच्या पुढे सहज जातं. आमच्या इन्शुरन्सवाल्यांनी आधी अर्धवट मंजूर केलं, डॉक्टरांचं सविस्तर पत्र जोडल्यावर पुढे सरकलं, तेव्हा ते पत्र पहिल्यांदाच घ्या. पीसीची बॅटरी चार्ज होत नाही, काही वर्षांनी संपली की छोटं ऑपरेशन करून डबा बदलावा लागतो, तो खर्च आत्ताच हिशोबात धरा. चार्जिंगवालं परसेप्ट आरसी पण आहे, पण बाबांना चार्जिंगची कटकट नको होती म्हणून आम्ही पीसीच घेतलं.