लूर्द : घरच्या आजाऱ्याला घेऊन जावं का?

युरोपच्या तीर्थयात्रेचा बेत ठरला की आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांत एक प्रश्न निघतोच : आजारी आईला, लकवा झालेल्या काकांना लूर्दला, म्हणजे फ्रान्समधल्या मरियेच्या तीर्थक्षेत्राला, न्यायचं का? आमचं उत्तर हो असं आहे, पण तिथे काय मिळतं आणि काय मिळत नाही हे नीट समजून. बरं होण्याची हमी लूर्दला कुणी देत नाही. मात्र त्या आवारात आजारी माणसाला सगळ्यांच्या आधी जागा मिळते, पाण्याचे नि स्नानाचे पैसे पडत नाहीत, आणि गुण आला नाही तर ‘तुझा विश्वास कमी पडला’ असं त्याला सुनावलं जात नाही. या शेवटच्या गोष्टीसाठी आम्ही लूर्दला सर्वांत जास्त गुण देतो, कारण रोगमुक्तीच्या नावाने भरणाऱ्या कितीतरी सभा आजाऱ्याला नेमकं तिथेच मोडतात.

पार्श्वभूमी थोडक्यात. नैर्ऋत्य फ्रान्समध्ये पिरेनीजच्या पायथ्याशी हे गाव. 11 फेब्रुवारी 1858 ते 16 जुलै 1858 या काळात बर्नादेत सुबिरू या 14 वर्षांच्या गरीब मुलीला मासाब्येलच्या गुहेत पवित्र मरियेचं 18 वेळा दर्शन झालं, अशी श्रद्धा आहे. 25 फेब्रुवारीला तिने हाताने माती उकरली आणि तिथला झरा वर आला. 1862 मध्ये तार्बच्या बिशपांनी दर्शनांना मान्यता दिली, तेव्हा सात रोगमुक्तीही मान्य केल्या.

पाण्याबद्दल आधी स्पष्ट सांगायला हवं. तुलूजचे रसायनतज्ज्ञ फिलोल यांनी 1858 मध्येच त्याची तपासणी केली. अहवाल असा की हे डोंगरातलं साधं पिण्याचं पाणी आहे, त्यात औषधी गुण नाही. चर्चने हा निष्कर्ष कधी लपवला नाही. गुहेजवळच्या नळांवर पाणी फुकट मिळतं. बाहेरच्या दुकानांत विकतात त्या मरियेच्या आकाराच्या रिकाम्या बाटल्या. विमानात हातातल्या सामानात बहुतेक विमानतळांवर 100 मिलिलिटरच्या वरच्या बाटलीत द्रव नेता येत नाही, तेव्हा मोठी बाटली झाकण चिकटपट्टीने बंद करून चेक-इन बॅगेत ठेवा. भरलेलं पाणी महिनोन्‌महिने ठेवून प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णाला पाजू नका. केमोथेरपी चालू असलेल्या माणसाला ते कपाळाला लावायला द्या, तेवढं पुरे.

स्नानगृहांची जुनी पद्धत अशी : बाकावर रांगेत बसायचं, पडद्याआड कपडे उतरवायचे, ओली थंडगार चादर अंगाभोवती गुंडाळायची, दोन स्वयंसेवकांचा हात धरून दगडी कुंडाच्या पायऱ्या उतरायच्या, मनातली विनंती सांगायची, आणि त्यांनी आधार देऊन गळ्यापर्यंत पाण्यात बसवायचं. पाणी साधारण 12 अंश सेल्सिअस. टॉवेल देत नाहीत; ओल्या अंगावरच कपडे चढवायचे. कोविडनंतर याच्या जागी ‘पाण्याचा विधी’ आला. स्वयंसेवक सुरईतून ओंजळीत पाणी ओततो. हात धुवायचे, चेहऱ्याला लावायचं, घोटभर प्यायचं, मग एकत्र प्रार्थना. पूर्ण स्नान आता सरसकट मिळेल असं धरून चालू नका, तारखा आधी विचारून घ्या. हृदयरोगी किंवा दमेकरी यांना हा नवा विधी अधिक सोसतो. थंड पाण्यात एकदम उतरल्यावर श्वास आत ओढला जातो आणि रक्तदाब चढतो. अशक्त हृदयाला ते झेपत नाही. दर्शनात ‘झऱ्यावर जाऊन पी आणि धू’ एवढंच सांगितलं होतं, म्हणजे ओंजळभर पाण्याने विधीत काहीच कमी होत नाही.

सेवेच्या बाबतीत लूर्दसारखं ठिकाण सापडणं कठीण. 1885 मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या ‘ओस्पितालिते’ या सेवासंघाचे स्वयंसेवक प्रवास आणि राहण्याचा खर्च स्वतःच्या खिशातून करतात. निळ्या छपराच्या तीनचाकी खुर्च्या ओढणं, जेवण भरवणं, बेडपॅन देणं, सगळं ते करतात. आजाऱ्यांसाठी ‘आक्यूई नोत्र-दाम’ आणि ‘मारी सँ-फ्राई’ ही दोन निवासस्थानं आहेत. तिथली जागा मुख्यतः धर्मप्रांतांच्या यात्रा आपले डॉक्टर-नर्स बरोबर आणून भरतात. चार जणांच्या कुटुंबाने आयत्या वेळी जाऊन खाट मिळत नाही. आपल्याकडचे टूरवाले सहसा हॉटेल देतात, आणि गावचे रस्ते चढ-उताराचे आहेत. व्हीलचेअरवरचा माणूस बरोबर असेल तर आवाराच्या फाटकालगतचं हॉटेल मागा, लिफ्टच्या दाराची रुंदी लेखी मागून घ्या. एका रात्रीचा मुक्काम आजाऱ्याच्या काही कामाचा नाही. पहिला दिवस प्रवासाचा शीण काढण्यातच जातो; तीन रात्री तरी हव्यात.

एप्रिल ते ऑक्टोबर हा हंगाम. संध्याकाळी 5 वाजता पवित्र साक्रामेंताची (ख्रिस्ताचं शरीर मानल्या जाणाऱ्या पवित्र भाकरीची) मिरवणूक आणि आजाऱ्यांना आशीर्वाद, रात्री 9 वाजता मेणबत्त्यांची मिरवणूक. रात्रीच्या मिरवणुकीत व्हीलचेअरवाले सर्वांत पुढे असतात. पॅरिसच्या मोंपारनास स्थानकातून वेगवान गाडीने साधारण पाच तास लागतात.

आता मुख्य विषय. लूर्दला 1883 पासून रोगमुक्तीचे दावे तपासणारा वैद्यकीय ब्युरो आहे. कोणत्याही धर्माचा किंवा धर्म न मानणारा डॉक्टर तिथे नाव नोंदवून तपासणीत भाग घेऊ शकतो. 2009 पासून इटलीचे बालरोगतज्ज्ञ डॉ. अलेस्सांद्रो दे फ्रांचिशिस त्याचे प्रमुख आहेत. कसोट्या प्रॉस्पेरो लांबेर्तिनी (पुढे पोप बेनेदिक्त चौदावे) यांच्या, म्हणजे अठराव्या शतकातल्या. आजार गंभीर हवा आणि आपोआप बरा होणारा नको. उपचारांनी तो बरा झाला असं म्हणता येऊ नये. गुण अचानक आणि पूर्ण यावा. आणि आजार उलटू नये. यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा होतो. मग आंतरराष्ट्रीय वैद्यकीय समिती ‘आजच्या वैद्यकीय ज्ञानाने याचा उलगडा होत नाही’ एवढंच म्हणते. ‘चमत्कार’ हा शब्द डॉक्टर वापरत नाहीत. तो निर्णय बऱ्या झालेल्या माणसाच्या स्वतःच्या बिशपांचा. म्हणजे वसईच्या माणसाला गुण आला तर शेवटचा शब्द वसईच्या बिशपांचा, लूर्दचा नव्हे.

या साखळीत विश्वासाचा प्रश्न येतो तो अगदी शेवटी. ही घटना प्रार्थनेच्या संदर्भात घडली का, तीत देवाची खूण दिसते का, हे बिशप पाहतात. डॉक्टरांच्या टेबलावर विश्वासाचं मोजमाप होत नाही. सात हजारांहून अधिक दाव्यांची नोंद झाली, मान्य झाले 72. चाळणी इतकी बारीक असल्यामुळेच त्या 72 ना वजन आहे.

मान्य झालेल्या प्रकरणांत विश्वास कसा दिसतो, हे पाहण्यासारखं आहे. फ्रान्सिस पास्काल 1938 मध्ये बरा झाला तेव्हा चार वर्षांचाही नव्हता. मेंदूज्वराने अंधत्व आणि लकवा आलेल्या त्या पोराच्या विश्वासाची परीक्षा कोण घेणार? सिसिलीची देलित्सिया चिरोल्ली 1976 च्या ऑगस्टमध्ये पायाच्या हाडाच्या कॅन्सरसह लूर्दला आली आणि तशीच परत गेली. आई घरी तिला लूर्दचं पाणी देत राहिली, गाव प्रार्थना करत राहिलं, आणि सुधारणा दिसली ती डिसेंबरात. सिस्टर बर्नादेत मोरियो 2008 मध्ये मणक्याखालच्या नसांचा आजार घेऊन आल्या, तेव्हा त्यांनी चमत्कार मागितलाच नव्हता. मॉर्फिन, कमरेचा पट्टा, पायाची आधारपट्टी सगळं घेऊन त्या परतल्या. 11 जुलैला आपल्या मठाच्या चॅपेलमध्ये आराधनेनंतर त्यांनी ते काढून ठेवलं. त्यांचं प्रकरण 70वं, 2018 मध्ये मान्य झालेलं. पहिल्या महायुद्धात जखमी झालेले लिव्हरपूलचे जॉन ट्रेनर 1923 मध्ये बरे झाले. उजवा हात लुळा, अपस्माराचे झटके, कवटीला भोक अशी त्यांची अवस्था होती. पुढे ते कोळशाच्या गोणी वाहण्याचा धंदा करू लागले, तरी त्यांचं अपंगत्वाचं पेन्शन बंद झालं नाही. मान्यता मिळाली डिसेंबर 2024 मध्ये. आणि ज्या बर्नादेतमुळे हे सगळं उभं राहिलं, ती दमा आणि हाडांच्या क्षयाने 35 व्या वर्षी, 16 एप्रिल 1879 रोजी वारली. तिचा विश्वास कमी होता असं म्हणण्याची कुणाची छाती आहे?

शुभवर्तमानातही एकच साचा नाही. 12 वर्षं रक्तस्राव सोसणाऱ्या बाईला येशू म्हणतो, तुझ्या विश्वासाने तुला बरं केलं आहे. पण छतातून खाली सोडलेल्या पक्षघाती माणसाच्या बाबतीत त्याला दिसतो तो खाट उचलून आणणाऱ्यांचा विश्वास. बेथेसदाच्या तळ्याकाठी पडलेल्या, 38 वर्षं आजारी असलेल्या माणसाला तर आपल्याला बरं करणारा कोण हेही ठाऊक नव्हतं. पौलाच्या देहातला काटा तीनदा विनवूनही निघाला नाही. म्हणून आजाऱ्याला न्यायचं असेल तर विश्वासाचं ओझं घरच्यांनी वाहावं. त्याच्या मनात शंका असली, तो गुहेपाशी गप्प बसून राहिला, तरी त्याला टोकू नये.

‘विश्वास असेल तर गोळ्या फेकून दे’ असं सांगणाऱ्या सभांपासून आजाऱ्याला दूर ठेवा. गर्दीत, गाण्यात, अपेक्षेच्या भरात वेदना काही तास खरोखर कमी होते. शरीर स्वतःच वेदनाशामक द्रव्यं सोडतं. साखर, गाठ, जंतू मात्र तिथेच असतात. टाईप 1 मधुमेहात इन्सुलिन थांबवलं तर एक-दोन दिवसांत रक्त आम्लधर्मी होऊन रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. फिटच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर न थांबणारे झटके येऊ शकतात. स्टेरॉइड अचानक तोडल्यास रक्तदाब कोसळतो. क्षयाचा कोर्स अर्धवट सोडला की उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि घरातल्या पोरांनाही तोच हट्टी क्षय होण्याचा धोका असतो. व्हॅटिकनने 14 सप्टेंबर 2000 च्या सूचनेत रोगमुक्तीच्या प्रार्थनांत उन्माद आणि नाटकीपणा नको असं बजावलं आहे. मंचावर बोलावून कुबड्या फेकायला लावणारा धर्मगुरू असला तरी ही सूचना त्यालाही लागू आहे.

तक्रारीही आहेत. फाटकाबाहेरच्या गल्ल्यांत दोन्ही बाजूंनी दुकानंच दुकानं. आतल्या शांततेनंतर तो बाजार अंगावर येतो. ऑगस्टच्या मध्याला मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला गर्दी इतकी की आजाऱ्याला नेऊच नये. मे किंवा सप्टेंबर बरा. मुख्य भाषा फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, इंग्रजी, जर्मन, डच. मराठीत पापनिवेदन करायचं तर आपला धर्मगुरू बरोबर हवा. आजाऱ्यांचा तैलाभ्यंग संस्कार तिथे सामूहिक मिस्सेत मिळतो, पण तो तुमच्या पॅरिशमध्येही तितकाच खरा आहे. प्रवास झेपणार नसेल तर फादरना घरी बोलवा. संस्काराचा दर्जा लूर्दमुळे वाढत नाही. आणि ब्युरोचं काम अतिशय संथ आहे. ट्रेनर यांच्या प्रकरणाला 101 वर्षं लागली, ती पाहायला घरचं माणूस राहत नाही. हा संथपणा आम्हाला मान्य आहे, पण जाणाऱ्याने तो धरून चालावा.

निघताना औषधं मूळ वेष्टनात, परतीनंतरच्या आठवड्याला पुरतील इतकी घ्या. डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी, निदानाचा मूळ अहवाल, बायोप्सीचा कागद आणि एमआरआयची सीडी बरोबर ठेवा. आजार कागदावर सिद्ध नसेल तर तो गेल्याचंही सिद्ध होत नाही, आणि दावे अडकतात ते बहुतेक इथेच. तिथे किंवा घरी आल्यावर बरं वाटू लागलं तर आधी आपल्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या, त्यांनी सांगितल्याशिवाय एकही गोळी सोडू नका, आणि नवे-जुने रिपोर्ट जोडून मग ब्युरोला लिहा. मोरियो यांनीही आधी आपल्या डॉक्टरांना दाखवलं, आणि ब्युरोपुढे त्या पुढच्या वर्षी गेल्या.